लोहाचे शेजारी सरकतात तेव्हा

चुंबक तापवल्यावर त्याची शक्ती का घटते, याचे उत्तर मागील अंकात देताना मी शेवटी एक वाक्य जोडले होते : काही पदार्थांत मात्र रेणूंच्या विशिष्ट हालचालीनेच चुंबकत्व जागे होते किंवा मावळते, आणि ती हालचाल आपल्याला हवी तशी घडवून आणण्याचे प्रयत्न रसायनशास्त्रात चालू आहेत. त्या एका वाक्यावर खानदेशातून बरीच पत्रे आली. पत्रे विचारपूर्वक लिहिलेली आहेत, त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे.

जळगाव येथील एका डाळ मिलमध्ये यंत्रांच्या देखभालीचे काम पाहणारे वाचक विचारतात : "आमच्याकडे तूर आणि हरभरा भरडण्याआधी चुंबकावरून सोडतात, म्हणजे खिळे, तारेचे तुकडे त्याला चिकटून राहतात. या चुंबकाजवळ वेल्डिंग करू नये अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. उष्णता म्हणजे अणुरेणूंची हालचाल, असे आपणच लिहिले होते. मग हालचालीने चुंबकत्व जाते की येते?"

उत्तर : आपण नेमक्या गाठीवर बोट ठेवले आहे. ‘चुंबकत्व’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि ती गाठ तिथे पडली आहे. पहिली गोष्ट अशी की पदार्थातील प्रत्येक अणू स्वतः एक इवलासा चुंबक आहे की नाही. दुसरी गोष्ट अशी की हे इवलेसे चुंबक असलेच, तर ते सगळे एका दिशेला तोंड करून उभे आहेत की प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे आहे.

आपल्या मिलमधील चुंबकात दुसरी गोष्ट साधलेली असते. त्यातील असंख्य अणुचुंबक एका दिशेला रांग धरून असतात, म्हणून तो दुरून खिळा ओढतो. तापमान वाढले की अणूंची सैरभैर थरथर वाढते आणि ही रांग मोडते. ज्या तापमानाला ती पूर्णपणे मोडते त्याला क्युरी तापमान म्हणतात. शुद्ध लोखंडाचे ते ७७० अंश सेल्सिअस आहे, फेराइट चुंबकांचे साधारण ४५० अंशांच्या आसपास, तर निओडिमियम चुंबकांचे ३०० अंशांच्या थोडे वर. शिवाय निओडिमियमचे साधे प्रकार ८० अंशांच्या पुढेच कायमचे दुबळे होऊ लागतात. त्यामुळे वेल्डिंगबाबतची ताकीद अगदी योग्य आहे आणि ती पाळावी.

रेणूंच्या हालचालीने नियंत्रित होणारे चुंबकत्व मुख्यतः पहिल्या प्रकारचे असते. तिथे रांगेचा प्रश्न नसून मुळात अणुचुंबक असावा की नसावा, हाच प्रश्न असतो. इलेक्ट्रॉन हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. दोन इलेक्ट्रॉन एकाच कक्षिकेत, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनच्या एकाच घरट्यात, राहिले की त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होतात आणि दोघांचे चुंबकत्व एकमेकांत मिटून जाते. एकटा राहिलेला इलेक्ट्रॉन मात्र आपले चुंबकत्व राखतो. म्हणून अणूत एकटे इलेक्ट्रॉन किती, यावर त्याचे चुंबकत्व ठरते.

आता एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्याकडच्या धाब्याच्या घराचेच घेऊ. माझे बालपण अशाच घरात गेले असल्याने मला ते समजावायला सोपे जाते. समजा, घरात खाली तीन बाजा आहेत, धाब्यावर दोन आहेत आणि निजणारे सहा जण आहेत. कडाक्याच्या थंडीत धाब्यावर जायला कोणी तयार होत नाही, म्हणून तीन बाजांवर दोघे-दोघे दाटीवाटीने निजतात. उन्हाळ्यात उलटे होते : दाटी नकोशी होते, दोघे जण शिडी चढून धाब्यावर जातात, आणि एका बाजेवर तेवढे दोघे राहून उरलेले चौघे एकेकटे पसरतात. ज्या लोह-अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन गमावून आयनाचे रूप घेतले आहे आणि ज्याला सहा बाजूंनी सहा नायट्रोजन अणूंनी वेढले आहे, त्याच्या सहा बाह्य इलेक्ट्रॉनांची स्थिती हुबेहूब अशीच असते. त्याच्या पाच कक्षिकांपैकी तीन खालच्या ऊर्जेच्या आणि दोन वरच्या ऊर्जेच्या असतात. सगळे जोडीने खाली राहिले की आयनाचे चुंबकत्व शून्य होते, आणि दोघे वर गेले की चार एकटे इलेक्ट्रॉन उरतात व आयन चुंबकीय होतो. बोर मॅग्नेटॉन या मापात हे चुंबकत्व शून्यावरून हिशेबाने सुमारे ४.९ पर्यंत जाते. या बदलाला ‘स्पिन क्रॉसओव्हर’ म्हणतात.

मात्र घराच्या आणि आयनाच्या बाबतीत एक मोठा फरक आहे, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा त्या फरकातच आहे. आयनाच्या घरातील शिडीची उंची कायम नसते. ती शेजाऱ्यांच्या अंतरावर अवलंबून असते. नायट्रोजन अणू जवळ असतील तर वरच्या दोन कक्षिका फार महाग पडतात, आणि ते दूर सरकले की शिडी ठेंगणी होते. जोडीच्या अवस्थेत लोह आणि नायट्रोजन यांच्यातील अंतर साधारण २.० अँगस्ट्रॉम असते, तर एकेकट्या अवस्थेत साधारण २.२ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अशा भागाच्या पाचव्या हिश्श्याइतकी हालचाल झाली तरी लोह चुंबकीय आहे की नाही, याचा निकाल लागतो.

तापमानाचेही कोडे इथेच सुटते. बंध लांब आणि सैल झाले की रेणूला थरथरण्याचे अधिक मार्ग खुले होतात, आणि निसर्गात तापमान जितके वाढते तितके अशा मोकळेपणाचे वजन वाढते. म्हणून हे पदार्थ थंडीत चुंबकत्वहीन असतात व तापल्यावर चुंबकीय होतात, म्हणजे आपल्या मिलमधील चुंबकाच्या नेमके उलट. तिथे थरथर रांग मोडते, तर इथे थरथरीची ओढच नवे अणुचुंबक निर्माण करते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण या विषयावरील बातम्यांचे मथळे ती हमखास गाळतात. असा पदार्थ ‘चुंबकीय’ झाला म्हणजे तो खिळे ओढू लागला, असे मुळीच नाही. तो अनुचुंबकीय होतो. मोठ्या चुंबकाकडे तो स्वतः किंचित ओढला जातो, इतकेच. आपल्या मिलमधील चुंबकाची जागा तो घेणार नाही. धान्य साफ करताना चुंबक चालू-बंद करायचा असेल, तर तारेचे वेटोळे आणि वीज हाच मार्ग सोपा व भरवशाचा आहे.

अमळनेर येथे एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : "बंध थोडा लांब होणे, यालाच हालचाल म्हणायचे का? की रेणूचा एखादा भाग खरोखर वळतो किंवा फिरतो? आणि स्फटिकात सगळे रेणू एकमेकांत गच्च बसलेले असताना फिरायला जागा कुठून मिळते?"

उत्तर : तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इतिहासाची सुरुवात बंध लांब होण्यापासूनच झाली. इटलीतील लिव्हिओ काम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९३१ मध्ये लोहाच्या डायथायोकार्बामेट संयुगांत असे आढळले की त्यांचे चुंबकत्व तापमानानुसार कोणत्याही ठरावीक नियमात न बसणाऱ्या रीतीने बदलते. त्याचा पूर्ण उलगडा व्हायला पुढे काही दशके जावी लागली. १९६० च्या दशकात दोन फिनॅन्थ्रोलीन आणि दोन थायोसायनेट गट असलेल्या लोहसंयुगाचा अभ्यास झाला. हे संयुग उणे ९७ अंश सेल्सिअसच्या आसपास, अवघ्या काही अंशांच्या टप्प्यात, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी घेते. आजही पाठ्यपुस्तकांत या विषयाचे पहिले उदाहरण म्हणून तेच येते आणि आपणही तिथूनच सुरुवात करावी.

ही उडी इतकी एकदम का होते, याचे उत्तर आपल्या तिसऱ्या प्रश्नात दडलेले आहे. स्फटिकात जागा नसते, आणि जागा नसणे हेच इथे कामाला येते. जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठी छतापर्यंत गच्च रचलेल्या असताना मधली एक गाठ फुगली, तर तिचा दाब चहूबाजूंच्या गाठींना जाणवतो. तसेच एका लोह-आयनाभोवतीचे बंध लांबले की तो रेणू फुगतो, शेजारच्या रेणूंना ढकलतो आणि त्यांनाही फुगणे सोपे करतो. ही एकमेकांना दिलेली साथ पुरेशी बळकट असली तर सगळा स्फटिक एकदम बदलतो. शिवाय तापताना ज्या तापमानाला तो बदलतो, त्याच तापमानाला थंड होताना परत येत नाही. ट्रायाझोल गटांनी ओवलेल्या लोहाच्या एका साखळीसंयुगात जाण्याचे तापमान सुमारे ११२ अंश आणि परतण्याचे सुमारे ७२ अंश आहे. या दोहोंच्या मधल्या तापमानाला तो पदार्थ कोणत्या अवस्थेत असेल, हे तो तिथे तापून आला की थंड होऊन आला, यावर ठरते. या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि पदार्थाला ‘स्मृती’ असणे म्हणतात ते हेच.

उष्णतेऐवजी प्रकाशानेही हे घडवता येते. जर्मनीतील माइन्झ येथे फिलिप ग्यूटलिश यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवले की अतिशय थंड केलेल्या लोहसंयुगावर हिरवा प्रकाश टाकला तर ते चुंबकीय अवस्थेत जाते आणि प्रकाश काढून घेतल्यावरही तिथेच अडकून राहते. तापमान वाढून उणे २२० अंशांच्या आसपास आल्यावर मात्र ही अडकण सुटते.

आता खऱ्याखुऱ्या वळण्याकडे येतो. माझ्या मते या सर्व प्रयोगांत सर्वांत देखणा प्रयोग जर्मनीतील कील विद्यापीठात राइनर हेर्गेस यांच्या गटाने केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक सुगुमार वेंकटरमणी आहेत. पॉर्फिरिन या सपाट चकतीसारख्या रेणूच्या मध्यभागी निकेलचा आयन बसवलेला आहे. त्याच्याभोवती त्याच प्रतलात चार नायट्रोजन आहेत, आणि या स्थितीत निकेलचे सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असल्याने त्याला चुंबकत्व नसते. चकतीच्या कडेला एक हात जोडलेला आहे; त्याच्या मध्ये दोन नायट्रोजन अणूंचा ‘अॅझो’ सांधा आहे आणि टोकाला पिरिडीनचा नायट्रोजन आहे. हिरवा प्रकाश टाकला की सांधा वाकतो, हाताचे टोक निकेलवर येऊन टेकते आणि निकेलला पाचवा शेजारी मिळतो. त्याबरोबर शिडीची उंची बदलते, दोन इलेक्ट्रॉन एकटे पडतात आणि रेणू चुंबकीय होतो. निळसर जांभळा प्रकाश टाकला की सांधा सरळ होतो, हात उचलला जातो आणि चुंबकत्व नाहीसे होते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची पिन जशी तबकडीवर टेकवता आणि उचलता येते तशी ही रचना असल्याने संशोधकांनी तिला तेच नाव दिले. हे सर्व नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, उघड्या हवेत, द्रावणात घडते, आणि दहा हजारांहून अधिक वेळा हात वर-खाली केल्यावरही रेणू थकल्याची चिन्हे दिसली नाहीत. या हालचालीवर मनुष्याची हुकमत आहे म्हणून मला ती विशेष वाटते. तापमानाची वाट न पाहता केवळ दोन रंगांच्या प्रकाशाने लोहबंधूंपैकी एका धातूचे चुंबकत्व लावता आणि मालवता येते.

द्रावणात रेणूला हातपाय हलवायला मोकळीक असते. घन स्फटिकात ती नसते, ही आपली शंका बरोबर आहे. पण काही स्फटिकांत लहान, सपाट रेणूंना वळण्यापुरती पोकळी असते. जपानमधील क्युशू विद्यापीठात ओसामू सातो यांच्या गटाने २०१४ मध्ये निकेलच्या एका स्फटिकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ऑक्झलेटचे सपाट आयन खोलीच्या तापमानाच्या आसपास एकदम ९० अंशांतून वळतात, आणि त्या सामूहिक वळणामुळे सगळा स्फटिक एका दिशेने लांब होतो व दुसऱ्या दिशेने आखूड होतो. निकेलचे चुंबकत्व हा या प्रयोगाचा मुख्य मुद्दा नव्हता. परंतु असा फिरणारा गट हायड्रोजन बंधांनी धातूच्या शेजाऱ्यांना बांधलेला असेल, तर त्याच्या वळण्याने ते शेजारी ओढले वा ढिले सोडले जातात, आणि तिथून चुंबकत्वापर्यंतची वाट मोकळी होते.

याखेरीज आणखी एक सूक्ष्म मार्ग आहे, ज्यात एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या मुळीच बदलत नाही. कोबाल्टसारख्या आयनांचे चुंबकत्व सर्व दिशांना सारखे नसते. रेणूत एक सोपी दिशा असते. रेणू स्फटिकात कलले किंवा धातूला चिकटलेला पाण्याचा रेणू वळला, की ती सोपी दिशा बदलते आणि एका ठरावीक दिशेने मोजलेले चुंबकत्व कमी-जास्त होते. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर या दिशेने वाचन करा, असे मी सुचवेन. बंध लांबण्याच्या अभ्यासाला आता नव्वदीहून अधिक वर्षे झाली आहेत, पण वळण्याच्या अभ्यासात अजून पुष्कळ काम बाकी आहे.

शहादा तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ असलेले वाचक विचारतात : "आम्ही रोज हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या तपासण्या करतो. रक्तात लोह आहे, तर चुंबक ते का ओढत नाही? यात्रेत विकले जाणारे चुंबकीय कडे घातल्याने रक्तावर परिणाम होतो का?"

उत्तर : आपण रोज ज्या पदार्थाची तपासणी करता, तोच या सदराच्या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत जवळचा नमुना आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. पण हे लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे एकमेकांना लागून नसते. एकेक आयन हीम नावाच्या चकतीच्या मध्यभागी, इतरांपासून दूर, प्रथिनाच्या घडीत बसलेला असतो, त्यामुळे रांग धरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरयेल यांनी १९३६ मध्ये रक्ताचे चुंबकत्व मोजून एक आश्चर्यकारक निष्कर्ष मांडला. ऑक्सिजन नसलेल्या रक्तातील प्रत्येक लोह-आयनावर चार एकटे इलेक्ट्रॉन असतात, आणि ऑक्सिजनच्या रेणूवर स्वतःचे दोन असतात. परंतु दोघे जोडले गेले की एकही एकटा उरत नाही. म्हणजे फुप्फुसात लाल झालेले रक्त चुंबकाकडे ओढले तर जात नाहीच, उलट अगदी किंचित दूर लोटले जाते. आणि शिरांतून परतणारे काळसर रक्त अगदी किंचित ओढले जाते.

या बदलाच्या वेळी तिथेही हालचाल होतेच. एकट्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थेतील लोह-आयन थोडा मोठा असतो. चकतीच्या मधल्या छिद्रात तो नीट मावत नाही, म्हणून प्रतलापासून सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम बाहेर राहतो. ऑक्सिजन आला की तो आकसून प्रतलात शिरतो, आपल्याबरोबर हिस्टिडीन या प्रथिनातील अमिनो आम्लाचा धागा ओढतो, आणि ती ओढ पुढे पोचत जाऊन हिमोग्लोबिनचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या संदर्भात सुमारे १५ अंशांनी वळतो. त्या वळण्याने बाकीच्या लोह-आयनांना ऑक्सिजन धरणे सोपे जाते. हा उलगडा मॅक्स पेरुत्झ यांनी १९७० मध्ये मांडला. अमळनेरच्या प्रश्नात आलेली, एका रेणूने दुसऱ्याला दिलेली साथ आपल्या रक्तात अशी चार जणांच्या घरात चालते.

दोन प्रकारच्या रक्तांतील हा चुंबकीय फरक फार उपयोगाचा ठरला. मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे एमआरआय यंत्राने पाहण्याची जी पद्धत आहे, ती याच फरकावर उभी आहे. सेइजी ओगावा यांनी ती १९९० मध्ये प्रथम मांडली. त्या यंत्राचे क्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट. त्या क्षेत्रात झोपलेल्या माणसाचेही रक्त एका बाजूला जमा होत नाही. तेव्हा मनगटावरच्या कड्याने रक्त ओढले जाते, शुद्ध होते किंवा हिमोग्लोबिन वाढते, हे म्हणणे खरे नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी कोणी औषध सोडून अशा कड्यावर विसंबून राहणार असेल, तर आपण त्यांना अवश्य समजावून सांगा. आपल्यासारख्या माणसाचे ते ऐकतील.

भुसावळहून रेल्वेतील एक निवृत्त अभियंता लिहितात : "एकेका रेणूत एकेक माहिती साठवता येईल असे पूर्वी ऐकले होते. ते अजून का झाले नाही?"

उत्तर : कारण तिथे रेणूची हालचाल ही शत्रू ठरते. बारा मँगनीज अणूंचा एक रेणू आपले चुंबकत्व स्वतःपुरते धरून ठेवतो, हे १९९३ मध्ये इटलीतील रॉबेर्ता सेस्सोली आणि दान्ते गात्तेस्की यांच्या गटाने दाखवले. उणे २७१ अंशांना तो ते सुमारे दोन महिने विसरत नाही, पण जरा ऊब मिळाली की विसरतो. रेणूतील बंध थरथरतात आणि त्या थरथरीतून चुंबकत्वाला दिशा बदलण्याची वाट मिळते. म्हणून या क्षेत्रातील माणसे डिस्प्रोशियमचा आयन दोन ताठ कार्बन-कड्यांच्या मध्ये असा आवळून बसवतात की घातक थरथरीला वाव मिळू नये. २०१७ मध्ये ही स्मृती उणे २१३ अंशांपर्यंत, २०१८ मध्ये उणे १९३ अंशांपर्यंत आणि २०२५ मध्ये एका वेगळ्या रचनेच्या डिस्प्रोशियम रेणूत उणे १७३ अंशांपर्यंत टिकलेली दिसली. यातील २०१८ चा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आणि तो महाग द्रवरूप हीलियमपेक्षा कितीतरी सहज मिळतो. मे महिन्यात ४५ अंश पाहणाऱ्या भुसावळच्या घरातील संगणकापर्यंत ही गोष्ट यायला मात्र २०० अंशांहून अधिक अंतर तोडायचे आहे.

रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक विचारतात : "निर्यातीची केळी १३-१४ अंशांच्या कंटेनरमधून जातात. वाटेत गारवा बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तर माल पोचेपर्यंत कळत नाही. आपण लिहिता त्या पदार्थांचा आम्हाला काही उपयोग आहे का?"

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला आनंद झाला, कारण या पदार्थांचा जो उपयोग सर्वांत जवळचा वाटतो, तो आपल्याच अडचणीशी जुळतो. ट्रायाझोलच्या साखळीतील लोह जोडीच्या अवस्थेत असताना पदार्थ जांभळा दिसतो, आणि नायट्रोजन दूर सरकून लोह चुंबकीय झाले की तो जवळजवळ पांढरा होतो. म्हणजे चुंबकत्वातील बदल कोणत्याही यंत्राविना डोळ्यांना दिसतो. फ्रान्समधील बोर्दो येथे ओलिव्हिए कान यांनी वेगवेगळे ट्रायाझोल ठरावीक प्रमाणात मिसळून हा बदल खोलीच्या तापमानाच्या आसपास आणता येतो हे दाखवले, आणि स्मृती-उपकरणांसाठी ते वापरण्याचा विचार १९९८ मध्ये मांडला.

आता समजा, २० अंशांच्या वर पांढरा होणारा आणि पुन्हा जांभळा होण्यासाठी शून्याच्याही खाली जावा लागणारा असा पदार्थ पट्टीवर लावला. कंटेनर १३ अंशांवर नीट चालला तर पट्टी जांभळीच राहील. वाटेत एकदाही तापमान २० अंशांच्या पुढे गेले तर ती पांढरी होईल, आणि नंतर गारवा पुन्हा १३ वर आला तरी पांढरीच राहील. पेटी उघडताना घडलेली चूक समोर दिसेल. जाण्याचे आणि परतण्याचे तापमान हवे तिथे आणणे, तो पदार्थ दमट हवेत टिकवणे आणि स्वस्त करणे, ही तिन्ही कामे झाली पाहिजेत. त्यामुळे मी ही शक्यता म्हणून सांगत आहे. तिच्या भरवशावर या हंगामात तापमान नोंदणारे उपकरण लावणे टाळू नये. ते छोटे उपकरण कंटेनरमध्ये ठेवण्याचा आग्रह निर्यातदाराकडे जरूर धरावा.

धुळ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षिका विचारतात : "यातील काही आम्हाला वर्गात दाखवता येईल का?"

उत्तर : चुंबकत्व मोजून दाखवणे कठीण आहे, पण शेजारी बदलले की धातूची अवस्था बदलते, हे दाखवता येईल. कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून ते जांभळट होईपर्यंत आणावे. मग परीक्षानळी गरम पाण्यात धरली की ते निळे होते आणि बर्फात धरली की पुन्हा गुलाबी. गुलाबी असताना कोबाल्टभोवती मुख्यतः पाण्याचे सहा रेणू असतात, निळे असताना चार क्लोराइड. दोन्ही स्थितींत एकटे इलेक्ट्रॉन तीनच असतात, तरीही सहा शेजाऱ्यांच्या स्थितीत मोजलेले चुंबकत्व बहुधा थोडे अधिक भरते, कारण तिथे इलेक्ट्रॉनांच्या भ्रमणाचा वाटाही त्यात अधिक मिळतो; हे आपण फळ्यावर समजावू शकाल. कोबाल्टची संयुगे विषारी आहेत आणि तीव्र आम्लाच्या वाफा घातक आहेत, म्हणून प्रयोग आपण स्वतः, हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावा, विद्यार्थ्यांना नळ्या हाताळू देऊ नयेत, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता बाटलीत वेगळे साठवून ठेवावे. नळी बूच घट्ट लावून जपली तर तेच द्रावण पुढच्या तुकडीलाही वापरता येईल.